दस्तीखालचा हात

गुलबर्ग्याच्या बाजार समितीत माझं तुरीचं अडत दुकान आहे. शहराचं नाव आता कलबुर्गी झालं, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय. मागच्या दिवाळीला थोरल्या पोराने दुकानाची पाटी नवी करून घेतली आणि माझ्या नावापुढे एम.ए. असं रंगवून घेतलं. सकाळी दुकान उघडायला गेलो, पाटी पाहिली, आणि पेंटरला त्याच्या घरून उठवून आणून ती अक्षरं पुसायला लावली. थोरला म्हणाला, अप्पा, एवढं शिकलाव की तुमी, मग खोटं काय हाय त्यात? मी त्याला सुनावलं, पेंटरलाही सुनावलं, आणि पेंटर पुसण्याची वेगळी मजुरी मागायला लागला तेव्हा घासाघीस करून ती रंगाच्या कामातच बसवली. घासाघीस माझ्या रक्तात आहे. पण जे मला दिलं गेलं नाही ते मी पाटीवर मिरवणार नाही. का दिलं गेलं नाही हे पोरांना सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि गोष्ट अर्धीच राहते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आमचं गाव बसवकल्याण तालुक्यात, मंठाळच्या पलीकडे. माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, बैलांचे दलाल होते. शरणप्पा दलाल म्हटलं की हुमनाबादच्या बाजारापासून उदगीरपर्यंत लोक ओळखायचे. जमीन होती थोडी, पण घर चालायचं ते अप्पांच्या हातावर, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. आमच्या दावणीला आज असलेली जनावरं चार दिवसांनी नसायची. कुणाचा बैल बाजाराआधी आमच्याकडे मुक्कामाला, कुणाची जोडी सौद्यानंतर न्यायची राहिलेली. अंथरुणात पडल्या पडल्या मी घुंगरांच्या आवाजावरून सांगू शकायचो, की आज तांबडा खोंड आलाय आणि कालची पांढरी जोडी गेली. माझी आई, अव्वा, चुलीशी कन्नडमध्ये बोलायची आणि आमच्याशी मराठीत. अप्पा बैलांशी दखनीत बोलायचे, कारण बाजारातली निम्मी जनावरं त्या भाषेत वाढलेली, असं त्यांचं म्हणणं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि कारळ्याची चटणी. बाजार चांगला झाला तर शेंगाची होळगी, म्हणजे पोळी. होळगीचा वास आला की समजायचं, अप्पांचा हात आज चालला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दलाल खांद्यावरची दस्ती, म्हणजे पंचा, काढतो आणि दोघांच्या हातांवर टाकतो. तिच्याखाली बोटं धरायची, पेरं दाबायची. कुठलं बोट म्हणजे काय, पेर म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. वर दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत असतात आणि खाली सौदा तुटत किंवा जुळत असतो. आकडा कुणाच्या कानावर पडत नाही, त्यामुळे कुणाची लाज जात नाही. अप्पांनी मला ही भाषा लहानपणीच शिकवली. फक्त एक खूण त्यांनी उशिरा शिकवली. हुमनाबादच्या बाजारात एका म्हाताऱ्याने खांद्याला गाठी आलेला बैल आणला होता. अप्पा त्याच्याशी पावसाबद्दल बोलत होते, दस्ती दोघांच्या हातांवर होती, आणि एकाएकी म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. कुणी काही बोललं नव्हतं. घरी येताना मी खोदून विचारलं तेव्हा अप्पांनी माझाच हात धरला, माझी करंगळी हळूच माझ्या तळव्यात मुडपली आणि दाबून धरली. म्हणाले, ही कटईची खूण. जनावर कसायाकडं जायलाय. ही जिभेवर आणायची न्हाई. बोललं की पाप कुणाच्या तरी नावावर चढतं. दस्तीखाली ऱ्हायलं की कुणाचंच न्हाई.

तेव्हा मला ते शहाणपण वाटलं. आता वाटत नाही.

आमच्या गावात पंचायतीची निवडणूक कधी झालीच नव्हती. दर वेळी बिनविरोध. गावाला याचा केवढा अभिमान! अर्ज भरायच्या आधी बसवण्णाच्या देवळासमोर, दगडी नंदीपुढच्या कट्ट्यावर मंडळी बसायची. मधे मालीपाटील. गावच्या वसुलीची पाटीलकी त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या होती. ती सरकारने काढून घेतली तरी गावाने काढून घेतली नव्हती. कुठल्या गल्लीला कोणती जागा, कुणाच्या दारात बोअर, बेंदराला कुणाची जोडी पुढे, हे सगळं दस्तीखाली ठरायचं, आणि दस्ती असायची अप्पांची. बौद्धवाड्यासाठी राखीव असलेली जागा मात्र दस्तीखालीसुद्धा यायची नाही. तिथे मालीपाटलांचा सालगडी बसायचा. पंचायतीत तो जमिनीवर बसायचा आणि सांगतील तिथे अंगठा उठवायचा.

त्याच बौद्धवाड्यातला प्रल्हाद माझ्याबरोबर विद्यापीठात राज्यशास्त्र शिकायला होता. गावात आमची घरं हाकेच्या अंतरावर, पण एकमेकांना खरं ओळखलं ते गुलबर्ग्यात. विद्यापीठ तेव्हा नवं होतं, झाडं माणसाच्या कमरेएवढी. वसतिगृहाची शहाबादी फरशी उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची. आम्ही तिच्यावर बादलीभर पाणी ओतायचो आणि पुस्तकं घेऊन ओल्यात पडायचो. गावाकडून येताना एसटी कमलापूरला थांबली की प्रल्हाद तांबडी केळी घ्यायचा आणि मी भाव पाडत बसायचो, इतका की गाडी सुटायची वेळ यायची. तो सावकाश बोलणारा, मी भडकणारा. त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या वर्षापासून गावचं मेलेलं जनावर ओढायचं बंद केलं होतं. मालीपाटलांचा मेलेला बैल घरामागे सडत पडला, पण ते गेले नाहीत. गावात ही गोष्ट अजून आवाज उतरवून सांगत. मी एकदा वसतिगृहात प्रल्हादला दस्तीची पद्धत मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्याकडं निदान दस्तीखाली हात तरी घालत्यात गुरू. आमाला नुसतं कळवत्यात."

आमचे सर संमती हा विषय शिकवत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यांची मुलं भांडायला येतील. मला भांडण आवडतं, पण डॉक्टर नको म्हणतात. सरांचा आवाज गोड होता, वर्गात पंखा बंद असला तरी कुणी पेंगायचं नाही. जनतेच्या संमतीशिवाय सत्ता म्हणजे नुसता दरारा, असं ते सांगायचे. एकदा मी उठून विचारलं, सर, माणूस गप्प बसला म्हणजे संमती झाली का? आणि आमच्या गावची दस्ती सांगितली. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, हाच तुझ्या लघुप्रबंधाचा विषय. निवडणुकीच्या काळात गावात राहा, डोळे उघडे ठेव. सगळ्या वर्गासमोर म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितो.

मंडल पंचायतीची, म्हणजे तेव्हाच्या ग्रामपंचायतीची, निवडणूक जाहीर झाली आणि प्रल्हादने त्या राखीव जागेसाठी अर्ज भरला. मालीपाटलांचा सालगडी समोर असताना. त्या जागेला मत सगळ्या गावाचं होतं, म्हणजे एक अर्ज मागे निघाला नाही तर गावात पहिल्यांदा मतदान होणार होतं. अर्जावर सूचक म्हणून गावातल्याच मतदाराची सही लागते. सही मी केली. रागाने केली नाही, उपकार म्हणूनही केली नाही. मला मतपेटी बघायची होती. आपल्या गावात ती उघडली तर आत काय निघतं, हे बघायचं होतं.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग अव्वा ज्वारीचं टोपलं घेऊन गिरणीवर गेली आणि तसंच टोपलं घेऊन परत आली. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. संध्याकाळी मी घरात बसलो होतो आणि गिरणीची टुकटुक स्पष्ट ऐकू येत होती. मी चवताळून निघालो, तर अव्वाने चुलीपुढून मान न वळवता सांगितलं, "बस खाली. गिरण बंद न्हाई. आपल्यापुरती बंद हाय." तरी मी गेलोच. तिथे बायकांची रांग होती. मला बघून त्या टोपली उचलून थोड्या सरकल्या, जसं ओल्या भिंतीपासून सरकतात. गिरणीवाला पीठ झटकत म्हणाला, तुटतोय, जुळतोय, मी काय करू. मी त्याच्याशी सौदा करायला गेलो, दुप्पट दळणावळ देतो म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या नजरेत भीती होती. रागावलेल्या माणसाशी मी कसाही सौदा करीन. घाबरलेल्याशी होत नाही, हे तिथे शिकलो.

दुसऱ्या दिवसापासून अव्वाने पहाटे जातं मांडलं. माळ्यावर पडलेलं जातं, खुंटा सैल झालेला, त्याला चिंधी गुंडाळून ती दळायची. दळताना बाया ओव्या म्हणतात; अव्वा म्हणायची नाही. नुसती घरघर. त्या आवाजाने सगळ्या गल्लीला रोज कळायचं, की शरणप्पाच्या घराला गावाने काय केलंय. न्हाव्याचा वस्तरा धार लावायला गेला तो आलाच नाही. देवळात अव्वाच्या हातात अंगारा ठेवायचे ते आता समोरच्या पायरीवर ठेवायला लागले. आणि दावण रिकामी होत गेली. ज्याची जनावरं होती तो येऊन, अप्पांच्या पायाकडे बघत, घेऊन गेला. एका सकाळी मी जागा झालो तेव्हा गोठ्यातून एकही घुंगरू वाजत नव्हतं. आजही दुकानात हमाल जेवायला गेले आणि काटा थांबला की मी उठून उगाच काट्यावर वजनं टाकतो.

 एकदाच, माडग्याची वाटी खाली ठेवून, अप्पांनी मला विचारलं की कॉलेजात शिकवत्यात ते खरं हाय व्हय, का नुसतं शिकवायपुरतं? मी म्हणालो, खरं आहे. त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाने बैलाचं वय सांगितलं की ते अशी मान हलवायचे, आणि मग दात बघायचे.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी मालीपाटलांचं बोलावणं आलं. अप्पांना, मला आणि प्रल्हादला. नंदीपुढचा कट्टा भरला होता, लोक दाटीने बसले होते. मालीपाटलांनी मला गूळ-पाणी दिलं. प्रल्हाद कट्ट्याच्या खाली उभा होता. त्याला बस कुणी म्हणालं नाही आणि तोही बसायची वाट बघत नव्हता. मालीपाटील मऊ बोलणारा माणूस. त्यांनी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. त्यांनी आपल्या खांद्यावरची पांढरीशुभ्र दस्ती काढली. अप्पा सवयीने पुढे झाले, तर ते म्हणाले, "तुमी न्हाई शरणप्पा. आज तुमचं लेकरू. आरं गुरू, तू तर राज्य चालवायचं शास्त्र शिकायलास. मग आमच्या दस्तीत हात घालाया कामून लाजायलास?"

माणसं हसली. मी हात घातला.

मालीपाटलांचा हात कोरडा आणि उबदार होता. पहिल्यांदा त्यांनी माझं मधलं बोट धरलं. त्या वर्षीच्या बोलाचालीत त्याचा अर्थ बोअर. बौद्धवाड्याला बोअर. मी बोट सोडवून घेतलं. मग दोन बोटं: पुढच्या खेपेला ती जागा बौद्धवाड्याच्या मर्जीने. खोटं कशाला सांगू, दलालाचा पोरगा म्हणून माझ्या मनाने तोलून बघितलं. सौदा चांगला होता. बाजारात यापेक्षा कमीवर मी जोड्या विकल्या जाताना पाहिल्या होत्या. पण तो माझा नव्हता, खाली उभ्या असलेल्या माणसाचा होता, आणि त्याचा हात दस्तीत नव्हता. मी बोटं सोडवून घेतली. तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघून हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वैनी बऱ्या हायत न्हवं? दळण घरीच करायल्यात म्हणं." आणि ते बोलत असताना खाली माझी करंगळी धरून, सावकाश, माझ्या तळव्यात मुडपली. आणि दाबून धरली. सोडली नाही.

मी दुसऱ्या हाताने दस्ती ओढून फेकली. आजवर कुणी असं केलं नव्हतं. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, मालीपाटलांच्या मुठीत माझी मुडपलेली करंगळी होती. कट्ट्यावर बसलेल्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी ना कधी बैल विकला होता. सगळ्यांना ती खूण ठाऊक होती. आणि सगळे एकदम नंदीकडे बघायला लागले, जणू नंदीच काही बोलणार होता.

बोलले ते अप्पा. आवाज न चढवता, बाजारात विचारतात तसं.

"पाटील, करंगळी दाबलाव. जनावर कोणचं, ते तरी सांगा."

कुणीतरी खोकलं आणि खोकला अर्ध्यात गिळला. मालीपाटलांनी माझं बोट सोडलं, खाली पडलेली दस्ती उचलून झटकली, तिची नीट घडी घातली. म्हणाले, "ऊन लागलंय तुमाला शरणप्पा. लेकराची नस आखडली व्हती, मी चोळून द्यायलो व्हतो." आणि प्रल्हादकडे न बघता विचारलं, अर्जाचं काय? प्रल्हाद जितका सावकाश बोलायचा तितक्याच सावकाश म्हणाला, "अर्ज ऱ्हाईल."

घरी येताना अप्पांचा चेहरा मी बघितला नाही, त्यांनी बघू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराच्या खुंटीला एक दावं लटकलेलं होतं. आमच्याकडे म्हातारं जनावर विकलं की मालक दावं परत घेतो. जनावर जातं, दोर घरी येतो. हे दावं नवं होतं, कोऱ्या अंबाडीचं, आणि त्याला कुठल्याच जनावराचा वास नव्हता. मी ते घेऊन पोलीस चौकीत जाणार होतो. अव्वाने माझ्या हातातून काढून घेतलं, कोपराला गुंडाळून त्याची वेटोळी केली आणि माळ्यावर ठेवून दिली. "दोर चांगला हाय," म्हणाली, "वाया कामून घालवायचा?" त्यानंतर मतदान होईपर्यंत ती अप्पांना एकट्याला रानात जाऊ द्यायची नाही. स्वतः मागे जायची, विळा घेऊन, गवताच्या निमित्ताने.

मतदान शाळेत झालं. पेटी आली, अधिकारी आले, एक पोलीस आला, आणि तो झाडाखाली पुरी-भाजी खात बसला. शाळेच्या फाटकाशी मालीपाटलांचा चुलत भाऊ उभा होता. खांद्यावर दस्ती. हातात काठी होती, आणि त्या काठीवर हात ठेवून तो येणाऱ्या प्रत्येकाला रामराम, लिंगायतांचं शरणार्थी, सलाम करत होता, ज्याला जसं लागू तसं. कुणाला अडवलं नाही, कुणाला काही बोलला नाही. फक्त काठीवरच्या हाताची चार बोटं पसरलेली होती आणि करंगळी आत मुडपलेली. माणसं फाटकाशी यायची, नमस्कार घ्यायची, नजर त्या हातावर पडायची, आणि मग आत जायची. मी अधिकाऱ्याला जाऊन सांगितलं. त्यांनी बाहेर येऊन बघितलं. म्हणाले, अहो, माणूस उभा आहे. उभं राहायला बंदी आहे का?

प्रल्हादला त्याच्या स्वतःच्या बौद्धवाड्यात जेवढी मतं होती तेवढीसुद्धा पडली नाहीत. अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं की मतदान शांततेत पार पडलं. परतताना बसमध्ये मी तावातावाने बोलत होतो, माझ्याच गावाला शिव्या देत होतो. प्रल्हाद खिडकीतून बघत होता. तसाच बघत म्हणाला, "डबा तर उघडला की गुरू. आत काय निघालं ते म्होरलं." कमलापूरला त्याने केळी घेतली. त्या दिवशी मी भाव पाडला नाही.

ज्या जनावराचं नाव मालीपाटलांनी सांगितलं नव्हतं ते कोणतं, हे पुढच्या हुमनाबादच्या बाजारात कळलं. मी अप्पांबरोबर गेलो होतो. ते आपल्या नेहमीच्या लिंबाखाली बसले, दस्ती गुडघ्यावर घडी करून. लोक यायचे, बरं हाय का विचारायचे, आणि पलीकडच्या दलालाकडे जायचे. ज्याने दस्तीखालची खूण जिभेवर आणली त्याच्या हातात हात कोण देणार? बाजार उठेपर्यंत अप्पा तसेच बसले. मग दस्ती खांद्यावर टाकून म्हणाले, चल. त्यानंतर त्यांनी कुठल्याच बैलाच्या पाठीवर हात ठेवला नाही. लोकांच्या शेतावर रोजाने गेले, आणि जितके दिवस जगले तितके दिवस, जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा, त्यांची बोटं आपापसात काहीतरी ठरवत असायची. आमच्या घरात होळगी झाली ती एकदम मी हे अडत दुकान टाकल्यावर. माझ्या दुकानात दर ओरडून सांगतात, लिलाव तोंडाने होतो. कुणी रुमाल काढला तर मी त्याला बाहेर घालवतो. व्यापारी मला तिरसट म्हणतात. म्हणोत.

पण मला सल आहे तो मालीपाटलांचा नाही. ते जे होते ते होते, आणि त्यांनी कधी दुसरं असल्याचं सोंग केलं नाही. माझा राग सरांवर आहे. मी लघुप्रबंध लिहिला. त्यात दस्ती लिहिली, करंगळी लिहिली, तिचा अर्थ लिहिला, दावं आणि फाटकाशी उभा राहिलेला माणूस लिहिला. सरांनी पानंच्या पानं लाल शाईने आडवी कापली. मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं आणि गोड आवाजात समजावलं, की मालीपाटलांचे पाहुणे विद्यापीठाच्या कामकाजात आहेत, आणि ते बाजूला ठेवलं तरी पुरावा कुठे आहे? कोण काय बोललं? अधिकारी म्हणतात शांततेत पार पडली. दोर म्हणजे दोर, बोट म्हणजे बोट. ही पानं काढ, तुला पहिला वर्ग देतो. आयुष्यात मला आलेला तो सगळ्यात चांगला सौदा, आणि मी तोडला. प्रल्हादने विषय वेगळा घेतला होता, तो पास होऊन हैदराबादला नोकरीला लागला, आणि अजून दर उगादीला फोन करतो. सरांनी पुढे इंग्रजीत एक लेख लिहिला, आमच्या भागातल्या बिनविरोध गावांवर. एका प्राध्यापक गिऱ्हाइकाने मला दाखवला. त्यात दस्ती आहे. सहमतीची सुंदर ग्रामीण परंपरा, असं तिचं वर्णन आहे. करंगळी नाही.

तोंडी परीक्षेला मी ती पानं न काढता गेलो. टेबलाच्या पलीकडे सर आणि धारवाडहून आलेले एक परीक्षक. सरांनी हसत सुरुवात केली, की हा आमचा हुशार पण तापट विद्यार्थी आहे, याचं म्हणणं की मतदारांना धमकावण्यात आलं, मात्र एकही शब्द कुणी उच्चारला नाही, हेही तोच लिहितो. मग मला म्हणाले, सांग बाबा, न बोलता धमकी कशी देतात?

मी खांद्यावरची दस्ती काढली. अप्पांचीच होती, त्यांना आता लागत नव्हती. उठून सरांच्या उजव्या हातावर ती टाकली, खाली हात घातला, आणि धारवाडच्या परीक्षकांना विचारलं, प्रवासात त्रास तर झाला नाही ना? ते म्हणाले, नाही, गाडी वेळेवर होती. तेवढ्यात मी सरांची करंगळी शोधली आणि सावकाश त्यांच्या तळव्यात मुडपली. त्यांनी माझी पानं वाचली होती, कापण्यासाठी का होईना, पण वाचली होती. त्यांचा हात दस्तीखालून असा निसटला की टेबलावरचा पाण्याचा पेला कलंडला.  परीक्षक गोंधळून म्हणाले, काय झालं? काय म्हणाला हा तुम्हाला?

सर आपलं बोट चोळत होते. "काही नाही," म्हणाले. "काही बोलला नाही तो."

मी दस्तीची घडी घालून खांद्यावर टाकली. "लिहून घ्या सर," म्हणालो. "तोंडी परीक्षा शांततेत पार पडली."